पाहणे, चालणे आणि समजणे

कपाशीच्या हंगामात एखाद्या शेतकऱ्याला विचारून पाहा, ‘काय भाऊ, यंदा पऱ्हाटी कशी आहे?’ तो धुऱ्यावर उभा राहून लगेच उत्तर देणार नाही. ‘चला गुरुजी, एक चक्कर मारून येऊ, मग सांगतो,’ असे म्हणेल आणि तासातून चालू लागेल. चार पावले जाईल, वाकेल, पान उलटून पाहील, बोंड चिमटीत धरील, दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा मागे वळून नजर टाकील. आता धुऱ्यावरून शेत तर सगळे दिसतच होते. मग चालण्याची गरज काय होती?

प्रश्न साधा दिसतो, पण शास्त्रज्ञांनी त्यावर पुष्कळ वर्षे डोके खाजवले आहे. आणि आज तोच प्रश्न नव्या रूपात शाळेच्या दाराशी आला आहे. ‘आभासी वास्तव’, इंग्रजीत ज्याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात, त्याचे चष्मे आता बाजारात मिळतात. चष्मा म्हणायचा इतकेच. खरे तर तो डोळ्यांवर पट्ट्याने बांधायचा लहानसा डबा असतो. आत दोन भिंगे आणि भिंगांपुढे छोटा पडदा. तो बांधला की बाहेरचे जग झाकले जाते आणि आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या वर्गात असलेल्या मुलाला समुद्राचा तळ दिसतो, अजिंठ्याचे लेणे दिसते, किंवा माणसाचे हृदय खोलीएवढे होऊन पुढ्यात धडधडताना दिसते. विकणारे सांगतात, मुलांनी हे एकदा पाहिले की त्यांना सारे समजेल.

गावाच्या शाळेचा पैसा मोलाचा असतो आणि मुलाचा तास त्याहून मोलाचा. तेव्हा या वाक्याची पारख केली पाहिजे. पाहिले म्हणजे समजले, हे खरे काय? आजवरच्या प्रयोगांतून जे उत्तर निघते, ते आपल्या शेतकऱ्याच्या बाजूचे आहे. डोळ्यांपुढे चित्र आल्याने काम अर्धेच होते. पाहणारा स्वतः हालतो, वळतो, चालतो, आणि त्याच्या हालण्याबरोबर समोरचे दृश्य बदलते, तेव्हा त्या दृश्यातील अंतर, आकार आणि जागा मनात पक्क्या बसतात. हे कसे घडते ते क्रमाने पाहू.

प्रथम घरीच करण्याजोगा एक प्रयोग. दोन पेन्सिली घ्या, एकेका हातात एक, टोके समोरासमोर. एक डोळा मिटा, हात लांब करा आणि डोके अगदी स्थिर ठेवून टोकाला टोक भिडवून पाहा. बहुधा टोके चुकतील. एक पुढे जाईल, दुसरे मागे राहील. आता डोळा मिटलेलाच ठेवा, पण डोके हळूहळू डावीकडे-उजवीकडे सरकवत पुन्हा प्रयत्न करा. काम सोपे वाटू लागेल. डोळा तोच, पेन्सिली त्याच. भर पडली ती फक्त हालचालीची.

याचे कारण आपण एसटीच्या खिडकीतून नेहमी पाहतो. गाडी वर्ध्याहून देवळीकडे निघाली की रस्त्याकडेची बाभळीची झाडे झपाट्याने मागे पळतात, शेतातली विहीर सावकाश मागे जाते आणि दूरची टेकडी जणू आपल्याबरोबरच चालते. जवळच्या वस्तू जास्त सरकतात, दूरच्या कमी. या सरकण्याच्या फरकावरून आपला मेंदू अंतर ओळखतो. गाडी थांबली की हा हिशेबही थांबतो आणि खिडकीतले दृश्य भिंतीवरच्या चित्रासारखे सपाट होऊ लागते.

ही युक्ती एकट्या माणसाची नव्हे. नाकतोडा उडी मारण्याआधी जागच्या जागी शरीर डावीकडे-उजवीकडे डोलवतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. मुले म्हणतात, तो नाचतो. तो नाचत नाही, मोजतो. समोरची काडी किती दूर आहे हे त्याला हालल्याशिवाय कळत नाही. त्याच्या इवल्याशा डोळ्यांत दोरी नाही, फूटपट्टी नाही. त्याचे डोलणे हीच त्याची फूटपट्टी.

आता कुणी विचारील, आपण हाललो काय किंवा समोरची वस्तू हालली काय, डोळ्यातले चित्र तर दोन्ही वेळा सरकणारच. मग आपण हाललो हे मेंदूला कसे कळते? त्यासाठी दुसरा प्रयोग करा. ही पुस्तिका हातात धरा आणि भराभर डावीकडे-उजवीकडे हलवा. अक्षरे पुसट होतील. मग पुस्तिका स्थिर धरा आणि तेवढ्याच वेगाने मान हलवा. बहुतेक अक्षरे नीट वाचता येतील. डोळ्याच्या आणि कागदाच्या मधली हालचाल दोन्ही वेळा जवळपास सारखीच, मग हा फरक का पडला?

कानाच्या आत, हाडाच्या पोकळीत, तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. मान वळली की तो द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मान कोणत्या बाजूला, किती वेगाने वळली याची वर्दी मेंदूला पोहोचते. मेंदू ताबडतोब डोळ्यांना उलट दिशेला तेवढेच वळवतो आणि अक्षर जागेवर राहते. पुस्तिका हलवली तेव्हा अशी वर्दी देणारे कुणी नव्हते. या नळ्यांच्या जोडीला मानेचे आणि पायांचे स्नायू आहेत, सांधे आहेत. तेही सतत खबर देत असतात. शिवाय ‘आता वळ’ हा हुकूम मेंदूनेच सोडलेला असतो, त्यामुळे काय घडणार याचा अंदाज त्याला आधीच असतो. म्हणजे पाहणे हे एकट्या डोळ्याचे काम नाही. डोळा, कान, मान आणि पाय यांची ती सामायिक शेती आहे. एकाची खबर दुसऱ्याच्या खबरीशी जुळली की समज येते.

ही जुळणी जन्मतः तयार असते की ती शिकावी लागते? अमेरिकेत रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६३ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मांजरीची पिल्ले जन्मापासून अंधारात वाढवली. मग रोज तीन तास पिल्लांची एक जोडी उभ्या पट्ट्यांच्या गोल भिंतीच्या आत ठेवायची. मध्ये खांब, खांबावर आडवी दांडी. दांडीच्या एका टोकाला बांधलेले पिल्लू आपल्या पायांनी चालायचे, आपल्या तेलघाणीच्या बैलासारखे गोल गोल. दुसऱ्या टोकाला लहानसा पाळणा, त्यात दुसरे पिल्लू बसलेले. पहिले जिकडे वळेल तिकडे पाळणा वळायचा. म्हणजे दोघांच्या डोळ्यांना जवळजवळ सारखेच दृश्य मिळत होते, सारखाच वेळ. फरक एकच. एक चालत होते आणि दुसऱ्याला फिरवले जात होते.

काही दिवसांनी परीक्षा घेतली. चालणारे पिल्लू टेबलाजवळ नेले की पाय पुढे करायचे, खोल बाजू दिसली की टाळायचे, डोळ्यासमोर काही झपकन आले की पापणी मिटायचे. पाळण्यातल्या पिल्लाला यातले काही येत नव्हते. त्याचे डोळे निरोगी होते. उजेड त्याच्या डोळ्यांत जात होता. पण दिसते त्याचे करायचे काय, हे त्याला ठाऊक नव्हते. पुढे या प्रयोगाच्या अर्थावर वाद झाला. काहींनी म्हटले, त्या पिल्लाला लक्ष देण्याचे कारणच नव्हते, म्हणून ते शिकले नाही. शिक्षकाच्या दृष्टीने दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी पोहोचवतात. ज्याच्या करण्याने दृश्यात काही बदलत नाही, त्याला दृश्याशी कर्तव्य राहत नाही. आणि समाधानाची गोष्ट अशी की ती पिल्ले मोकळी सोडल्यावर अट्ठेचाळीस तासांत नेहमीच्या पिल्लांसारखी वागू लागली.

मांजराचे सोडा, माणसाचे काय? याचे उत्तर शोधण्यात आपल्या देशातील मुलांचा वाटा मोठा आहे. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना दृष्टी देणे आणि त्याबरोबर पाहण्याचा अभ्यास करणे, असे काम प्रा. पवन सिन्हा यांनी ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या नावाने दिल्लीत उभे केले. २००९ साली त्यांच्या गटाने दाखवले की नव्याने दृष्टी मिळालेल्या माणसांना स्थिर चित्रात एक वस्तू कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते हे उमगत नाही. एकमेकांवर ठेवलेले चौकोन आणि वर्तुळ त्यांना तुकड्यांचा गोंधळ वाटतो. पण आकार हालू लागले की एकत्र सरकणारे तुकडे एका वस्तूचे म्हणून ओळखू येतात. येथे हालचाल पाहणाऱ्याची नव्हती, वस्तूची होती. तरीही दृश्य बदलल्याने त्याची घडण उलगडते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

२०११ साली याच गटाने आणखी एक जुना प्रश्न सोडवायला घेतला. विल्यम मोलिनो या आयरिश विद्वानाने १६८८ साली तो विचारला होता. जन्मांध माणूस हाताने चेंडू आणि ठोकळा ओळखतो; त्याला अचानक दृष्टी आली तर केवळ पाहून तो ते ओळखील काय? पाच मुलांची परीक्षा शस्त्रक्रियेनंतर लगेच घेतली. हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी निवडायला सांगितले, तेव्हा त्यांची उत्तरे जवळपास अंदाजपंचेच होती. पण पुढे ज्यांची परीक्षा पुन्हा घेता आली, त्यांना थोड्याच दिवसांत, नव्या डोळ्यांनी घरात-अंगणात वावरल्यावर, ते चांगले जमू लागले. या अभ्यासाचे पहिले लेखक कोण होते ठाऊक आहे? मांजरीच्या पिल्लांचा प्रयोग करणारे तेच रिचर्ड हेल्ड.

आता चष्म्याकडे येऊ. अशा तऱ्हेचा डोक्यावर बांधायचा पडदा अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली जगापुढे मांडला. यंत्र इतके अवजड होते की ते छताला टांगलेले असे. त्यात दिसायच्या फक्त उजेडाच्या रेघा, त्यांनी काढलेली साधी चौकट. पण माणसाने डोके हलवले की यंत्र ते ओळखायचे आणि रेघा त्याप्रमाणे बदलायच्या, त्यामुळे ती चौकट हवेत खरोखर तरंगते आहे असे वाटायचे. दोन डोळ्यांना दोन निराळी चित्रे दाखवण्याचे महत्त्व सदरलँड यांनी मानलेच होते. पण डोके हालल्यावर चित्रात होणारा बदल त्याहून महत्त्वाचा, असे त्यांनी त्याच वर्षी लिहून ठेवले. म्हणजे या यंत्राचा प्राण चित्राच्या झगमगाटात नाही. पाहणाऱ्याची हालचाल आणि चित्राचा बदल यांची जी गाठ आहे, तिच्यात तो आहे.

म्हणून आज चष्मा घेताना एक भेद पक्का ध्यानात ठेवावा. काही साधनांना फक्त डोके वळलेले समजते, वर-खाली, डावी-उजवी. मोबाइल खोक्यात बसवून केलेली स्वस्त साधने बहुधा या जातीची. चहूबाजूंनी घेतलेले चलच्चित्र महागड्या चष्म्यातून पाहिले तरी त्याचीही तीच गत असते. त्यात मूल लेण्यातल्या मूर्तीकडे पाहायला पुढे वाकले, तर मूर्ती जवळ येत नाही. सारे जग त्याच्याबरोबर पुढे सरकते. दुसऱ्या जातीच्या साधनांना डोके कोठे सरकले तेही समजते. मूल दोन पावले चालले तर मूर्ती दोन पावले जवळ येते, खाली बसले तर मूर्तीचा खालचा भाग दिसतो, बाजूला झाले तर खांबामागचे उघड होते. धुऱ्यावरून दिसणारे शेत आणि तासातून दिसणारे शेत यांत जो फरक, तोच येथे आहे.

या फरकाने समजण्यात खरोखर काही उणे-अधिक होते काय? १९९८ साली अमेरिकेत एक सुंदर प्रयोग झाला. माणसाने सरळ जायचे, एका ठिकाणी वळायचे, पुन्हा सरळ जायचे आणि मग विचारल्यावर निघालो त्या जागेकडे तोंड करायचे. जे खरोखर चालले त्यांना हे साधले. ज्यांनी जागेवरून न हलता केवळ वळणाचे दृश्य चष्म्यात पाहिले, ते जणू आपण वळलोच नाही अशा समजुतीने उत्तर देऊ लागले. डोळ्यांनी वळण पाहिले होते, पण ते अंगात उतरले नव्हते. जे बाकी दृश्य चष्म्यातून पाहत होते, पण वळणाच्या वेळी अंगाने खरोखर वळले, त्यांची उत्तरे सुधारली.

इंग्लंडात रॉय रडल आणि सायमन लेसल्स यांनी २००६ साली यापुढचे पाऊल टाकले. आभासी खोलीत मांडलेल्या डब्यांतून काही वस्तू शोधायच्या, आणि एकदा पाहिलेला डबा शक्यतो पुन्हा उघडायचा नाही. एक गट खोलीत प्रत्यक्ष चालत होता. दुसरा जागेवर वळत होता आणि पुढे जायला कळ दाबत होता. तिसरा पडद्यासमोर बसून सारे हातातल्या साधनाने करीत होता. चालणाऱ्यांचे काम सर्वांत चोख झाले. बाकीचे त्याच त्या डब्यांकडे फिरून फिरून जात राहिले. खोलीतले चित्र अधिक हुबेहूब केले, तरी पायांची उणीव त्याने भरून निघाली नाही. थोडक्या वाटेला वळणे पुरते. वाट गुंतागुंतीची झाली की पावलेही लागतात, असा या दोन प्रयोगांचा एकत्रित अर्थ मला दिसतो.

शरीर आणि दृश्य यांची गाठ सुटली की दुसराही एक त्रास होतो, तो म्हणजे भोवळ. एसटीत पुस्तक वाचताना पुष्कळांना मळमळते. डोळे म्हणतात, पान स्थिर आहे. कानातल्या नळ्या म्हणतात, गाडी वळते आहे. दोन साक्षीदार दोन जबान्या देतात आणि पोटाला शिक्षा होते. ड्रायव्हरला मात्र हा त्रास क्वचित होतो, कारण वळण तो स्वतः घेतो आणि ते त्याला आधीच ठाऊक असते. चष्म्यात हेच उलट बाजूने घडते. डोळ्यांना धावण्याचे दृश्य दिसते आणि शरीर खुर्चीवर स्वस्थ असते. मान वळवल्यावर चित्र सेकंदाच्या एखाद्या लहानशा अंशाने जरी मागे राहिले, तरी डोके गरगरू लागते. म्हणून मुलाने ‘मास्तर, कसेसेच होते’ म्हटले तर तो बहाणा समजू नये. चष्मा ताबडतोब काढावा आणि मुलाला मोकळ्या हवेत बसवावे.

येथवर वाचून कुणी म्हणेल, मग चालायला लावले की झाले! तसेही नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्विडो माक्रान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेचा एकच आभासी पाठ साध्या पडद्यावर आणि चष्म्यातून देऊन पाहिला. चष्म्यात ‘आपण तेथेच आहोत’ असे विद्यार्थ्यांना जास्त वाटले, पण शिकणे मात्र कमी झाले. जत्रेत गेलेल्या मुलासारखी त्यांची अवस्था झाली असावी. पाहू काय आणि नको काय! जागा, अंतर, आकार, वळण, आतली-बाहेरची रचना, या गोष्टी समजायला शरीराची हालचाल उपयोगी पडते. व्याख्या, सनावळ्या, नियम हे समजायला चष्म्याची गरज नसते. आणि पाठाशी संबंध नसलेली हालचाल ही नुसती धावपळ ठरते.

वर्धा जिल्ह्यातील माणसाला ही सारी चर्चा परकी वाटू नये. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तीतून डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि त्याच डिसेंबरात तिचा अहवाल आला. सात वर्षांचे सक्तीचे मोफत शिक्षण, मातृभाषेतून शिकवणे आणि हाताच्या उद्योगाभोवती सारे विषय गुंफणे, ही त्या योजनेची मुख्य सूत्रे. लोक तिला वर्धा योजना किंवा नई तालीम म्हणू लागले. पुढे सेवाग्रामात ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने ती प्रत्यक्ष चालवून दाखवली. २००५ साली त्याच सेवाग्रामात नई तालीम समितीने आनंद निकेतन ही शाळा सुरू केली.

नई तालीमच्या लोकांनी आभासी वास्तवाची कल्पना केली होती, असे म्हणणे अर्थातच वेडेपणाचे होईल. त्यांच्यापुढे प्रश्न वेगळा होता. खेड्यातल्या गरीब मुलाच्या शिक्षणाचा, स्वावलंबनाचा आणि श्रमाच्या प्रतिष्ठेचा. पण टकळीवर सूत कातणाऱ्या मुलाकडे पाहा. पेळूतून धागा किती ओढायचा हे त्याचे बोट सांगते, धागा जाड पडला की पातळ हे डोळा पाहतो, आणि डोळ्याने पाहिलेले बोट तत्क्षणी दुरुस्त करते. हात हालतो, दृश्य बदलते, बदललेले दृश्य हाताला शिकवते. फिरती टकळी नुसती पाहून ही समज यायची नाही. प्रयोगशाळेत पिल्लांनी जे दाखवले, तेच येथे चटईवर बसून चालले होते.

त्या योजनेने एक सावधगिरीचा इशाराही दिला होता. उद्योगातून मिळणाऱ्या पैशाकडेच लक्ष गेले तर शिक्षणाचा हेतू मागे पडेल, असे झाकीर हुसेन समितीने स्वतःच नोंदवले. नुसते हात चालले आणि मन चालले नाही, तर ती मजुरी झाली. आजच्या चष्म्यालाही हा इशारा जसाच्या तसा लागू पडतो. यंत्र आले, मुले हालली, फोटो निघाले, आणि समज तेथेच राहिली, असे व्हायला वेळ लागत नाही.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, असे साधन शाळेत येणार असेल तर काही प्रश्न आधीच विचारा. मूल पुढे वाकले तर वस्तू जवळ येते काय? मुलाला उभे राहून चार पावले टाकता येतील अशी मोकळी, खांब-बाकडी नसलेली जागा आहे काय? मूल पाहत असताना त्याच्याशेजारी कुणी मोठे उभे राहील काय? उत्पादकाने घातलेली वयाची मर्यादा वाचली आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, हा धडा अंतराचा, आकाराचा, रचनेचा आहे की नुसता ऐकून समजण्यासारखा? मुलाला चष्मा घालण्याआधी एक प्रश्न द्या: ‘हृदयातले रक्त कोणत्या कप्प्यातून कोणत्या कप्प्यात जाते ते आत फिरून शोधून ये.’ थोड्या मिनिटांनी चष्मा उतरवून त्याला खडूने जमिनीवर चित्र काढायला सांगा आणि त्या चित्रातून पायांनी चालत रक्ताची वाट दाखवायला लावा. जे चुकेल, ते शिकवायचे राहिले आहे असे समजा.

ज्या मुलाला चालता येत नाही, त्याचे काय? हालचाल म्हणजे पायच असे नव्हे. मान वळवणे, हाताने वस्तू फिरवणे, चाकाची खुर्ची आपल्या हाताने पुढे नेणे, हीसुद्धा स्वतःची हालचालच. पाळण्यातले पिल्लू मागे राहिले, कारण त्याच्या करण्याने काहीच बदलत नव्हते. खुर्चीवरचे मूल आपल्या इच्छेने वळते आणि त्याच्या वळण्याने दृश्य बदलते, एवढे साधले की तेही शिकते. त्याची खुर्ची दुसऱ्याने भराभर ढकलू नये, इतके मात्र पाहिले पाहिजे.

आणि ज्या शाळेत हे यंत्र कधी येणारच नाही, तिने मनाला लावून घेऊ नये. चंद्राच्या कला पुस्तकातल्या आकृतीवरून मुलांना सहसा समजत नाहीत. त्यासाठी खोलीत अंधार करून एक दिवा ठेवा. मुलाच्या हातात पांढरा चेंडू द्या, हात लांब करून तो डोक्याच्या थोडा वर धरायला सांगा आणि मुलाला जागच्या जागी डावीकडे हळूहळू वळू द्या. चेंडू दिव्याच्या बाजूला असेल तेव्हा अमावास्या. वळता वळता कोर, मग अर्धा, आणि दिव्याकडे पाठ झाली की पौर्णिमा. मूल आपल्या वळण्याने महिना घडवते. तसाच गावाचा नकाशा. आधी मुलांनी शाळेपासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून चावडीपर्यंत पावले मोजत चालावे, मग कागदावर काढावे, आणि शेवटी उपग्रहातून घेतलेले गावाचे छायाचित्र समोर ठेवावे. मग त्या छायाचित्रातला प्रत्येक ठिपका त्यांच्याशी बोलू लागतो, कारण त्या ठिपक्यावरून त्यांची पावले गेलेली असतात.

नवे साधन वाईट नाही आणि जुने म्हणून काही पवित्र नाही. चष्मा असो, टकळी असो की साधा चेंडू, त्याची पारख एकाच प्रश्नाने करावी: मुलाने काही केले तर त्याच्या डोळ्यांपुढचे जग त्याप्रमाणे बदलते काय? बदलत असेल तर ते साधन जवळ करा. बदलत नसेल, तर किंमत कितीही असो, आपण मुलाला पाळण्यात बसवून गोल फिरवीत आहोत, हे ओळखावे आणि त्याला खाली उतरवून चालू द्यावे.